टप् टप् तेल आणि मुंगीची पाच अंडी

एक होतं गॅरेज. पत्र्याचं. अंधारं.
गॅरेजात होता एक ट्रक. म्हातारा.
ट्रकखाली होतं एक बीळ. एवढंसं.
बिळात राहायची मुंगी. तिची होती पाच अंडी. पांढरी पांढरी, साखरेच्या दाण्याएवढी.

एकदा मुंगी साखर आणायला गेली. तुरु तुरु गेली, तुरु तुरु आली.
बघते तर काय? ट्रकमधून थेंब पडला. टप्!
काळा. चिकट. बिळाच्या दारातच पडला.
आणखी एक पडला. टप्! आत ओघळला. एक अंडं बुडालं.
पाचातली चार उरली.

मुंगी आत धावली. पाय चिकटले. ओढून ओढून सोडवले. साखरेचा दाणा तेलातच राहिला.
मुंगी खूप रडली. मग डोळे पुसले आणि निघाली.

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी गेली ट्रककडे.
"ट्रकआजोबा, ट्रकआजोबा, गळू नका.
टप् टप् तेल, माझं घर गेलं!"
ट्रक म्हणाला, "मी काय करू, पोरी? म्हातारा झालो. कुठून गळतंय, मलाच कळत नाही. मिस्त्री बघेल, तरच गळती थांबेल."

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी गेली बाबालाल मिस्त्रींकडे.
मिस्त्री स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होते. फुर्र, फुर्र! शेजारी ट्रकचा ड्रायव्हर रंगराव उभा होता.
इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं भांडं असतं. त्याला म्हणतात चेंबर. थेंब पडत होता चेंबरवरून.
रंगराव म्हणाला, "चाचा, चेंबरचे नट मी तीनदा आवळले."
"मग गळायचं थांबलं?"
"नाही ना!"
"मग चौथ्यांदा आवळ. दुसरं काय येतं तुला?"
मुंगी मिस्त्रींच्या गुडघ्यावर चढली.
"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, ट्रक बघा.
गळती थांबेना,
टप् टप् तेल, माझं घर गेलं!"
मिस्त्री म्हणाले, "इंजिन केवढं काळं आहे, बघ. काळ्यात काळं दिसतं का? चिंधी पुसेल, तरच मी बघेन."
मागून आवाज आला. टप्!
चारातली तीन उरली.

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी गेली चिंधीकडे. चिंधी दोरीवर लोंबत होती.
"चिंधीताई, चिंधीताई, इंजिन पूस.
मिस्त्री बघेना,
गळती थांबेना,
टप् टप् तेल, माझं घर गेलं!"
चिंधी म्हणाली, "मी ओली गच्च. ओल्या चिंधीने कधी तेल निघतं का? ऊन येईल, तरच मी पुसेन."
मागून आवाज आला. टप्!
तिनातली दोन उरली.

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी गेली उन्हाकडे.
गॅरेजात ऊन होतं, पण इवलंसं. पत्र्याच्या भोकातून एक कवडसा आला होता.
"ऊनदादा, ऊनदादा, आत ये.
चिंधी पुसेना,
मिस्त्री बघेना,
गळती थांबेना,
टप् टप् तेल, माझं घर गेलं!"
कवडसा म्हणाला, "भोक एवढं, म्हणून मी एवढा. बाकीचं ऊन बाहेरच उभं आहे. मागचं दार उघडेल, तरच ऊन येईल."
मागून आवाज आला. टप्!
दोनातलं एक उरलं. एकच.

मुंगी आता रडली नाही. रडायला वेळच नव्हता.

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी गेली मागच्या दाराकडे.
"दारमामा, दारमामा, उघड.
ऊन येईना,
चिंधी पुसेना,
मिस्त्री बघेना,
गळती थांबेना,
टप् टप् तेल, माझं घर गेलं!"
दार म्हणालं, "माझी बिजागरी गंजली. हललो की दुखतं. कर्र्र! गॅरेजभर तेल सांडलंय, पण मला कुणी थेंबभर देत नाही. एक थेंब तेल मिळेल, तरच मी उघडेन."

मुंगीने मागे वळून बघितलं. तेल? तेलानेच तर तिचं घर बुडवलं!

तुरु तुरु, तुरु तुरु. मुंगी धावत मागे आली. तिने एक वाळकं पान ओढलं. बिळाच्या तोंडावर धरलं.
टप्! थेंब पानात पडला.
एक अंडं होतं. एकच राहिलं.

मुंगीने पान ओढलं. हुश्श! दारावर चढवलं. हुश्श! थेंब बिजागरीत ओतला.
तिकडे चेंबरखाली नवा थेंब आला. फुगू लागला.

बिजागरीने तेल प्यायलं. वारा आला. कर्र्र? नाही. दार गुपचूप उघडलं.
दार उघडलं, मग ऊन आलं.
थेंब फुगला.
ऊन आलं, मग चिंधी वाळली.
थेंब लटकला.
चिंधी वाळली, मग मिस्त्री उठले.
"चाचा, खाली बघा! खाली!" मुंगी ओरडली.
मिस्त्री वाकले. बीळ दिसलं. अंडं दिसलं. त्यांनी चटकन बशी पुढे केली.
टिंग! थेंब बशीत पडला.
मुंगी म्हणाली, "बशी तर मघाशीच हातात होती, चाचा."
मिस्त्री खाली बघत म्हणाले, "होती गं. मी वाकून बघितलंच नाही."

मग चिंधीने इंजिन पुसलं. वर पुसलं, खाली पुसलं, अगदी कोरडं केलं.
मिस्त्रींनी तोंडाला लावायची पावडर आणली. फुस्स! इंजिन पांढरं झालं.
"रंगराव, चालू कर."
घुर्र, घुर्र, घुर्र!
पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. कुठून निघाली? अगदी वरच्या झाकणातून. हळूहळू खाली आली. चेंबरला लटकली.
गळत होतं वर. दिसत होतं खाली.
रंगरावने डोकं खाजवलं. "आणि मी आपला चेंबरच आवळतोय!"
"तीनदा!" मिस्त्री म्हणाले.
झाकणाखालची रबराची पट्टी फाटली होती. मिस्त्रींनी नवी पट्टी बसवली. नट आवळले. खट्, खट्, खट्.
टप्? नाही.
टप्? नाही.
ट्रक म्हणाला, "पोरी, आता कळलं, मला कुठे दुखत होतं."

मिस्त्रींनी बिळाभोवती लाकडाचा भुसा टाकला. भुशाने तेल शोषलं. वाट कोरडी झाली. तुरु तुरु, तुरु तुरु, मुंगी आत गेली.
चार अंडी काळी झाली होती. ती तिने भुशाखाली झाकून ठेवली.
पाचवं पोटाशी धरलं.

बरेच दिवस गेले. पाचवं अंडं हललं. त्यातून इवलीशी मुंगी बाहेर आली.
बिळाच्या तोंडाशी बशी होती. मिस्त्री आता तिथेच ठेवायचे. कोरडी बशी. मध्ये साखरेचा एक दाणा.
पिल्लू म्हणालं, "आई, हा कुणाचा?"
मुंगी म्हणाली, "तुझा."

ट्रकचं तेल ट्रकच्या पोटात,
पिल्लू आईच्या कुशीत,
आणि गोष्ट तुमच्या कानात.