मनगटाचं माप

"मग चुकतंय कुठं, तेवढं सांगा की! का नुसतं बांगड्याच भरत बसनार?"

नागेश हुब्यानंच वरडत व्हता. भर बाजारात. खाली पोत्यावर इमामचाचा मणियार बसलेला, आन त्याच्या म्होरं एक बाई हात लांब करून. म्हाताऱ्यानं मान वर केली न्हाई.

"बस," म्हणला.

"बसाया आलो न्हाई मी."

"मग हुबा ऱ्हा."

नागेश बसला.

ह्यो नागेश म्हंजी चाचाजवळ दोन वर्सं टोपली वाहिलेला गडी. चाचा बांगड्या भरायचा आन ह्यो गिऱ्हाईक बोलवायचा. आवाज असा, की बाजाराच्या त्या टोकाला म्हशी दावं तोडायला बघायच्या. बायका गोळा कराव्यात तर ह्यानंच. पर त्यामुळं डोस्क्यात हवा शिरली. एक दिवस म्हणला, "चाचा, इथं वरडलो तर धा गावं ऐकत्यात. मोबाईलात वरडलो तर समदा मुलूख ऐकंल."

आन गेला.

जातोस तर गपगुमान जा की! न्हाई. पारावर बसून चार मानसांत बोलला, "म्हाताऱ्याचा धंदा केवढा? पोत्याएवढा."

चाचाच्या कानावर आलं. त्यानं पोतं झटकलं, परत हातरलं.

नागेशानं मोबाईलवर बांगड्यांचं दुकान काढलं. सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ. गाणं लावून बांगड्या खळाखळा हलवायच्या, आन "ताई, आजच मागवा, एका डझनावर एक डझन फुकाट!" वीस हजार मानूस मागं लागलं. पहिल्या पंचमीला घरात खोक्यांनी पाय ठिवाया जागा न्हवती.

मग खोकी माघारी याया लागली.

फुटून न्हाई. खोकं पक्कं बांधायचा तो. पर कुनाच्या हातात बांगडी जाईना, कुनाच्या हातात ऱ्हाईना. व्हिडिओखाली बायका लिव्हायच्या, "फसवतोय मेला." ते वाचून नवी बाई फिरकंना. ह्यानं आनी व्हिडिओ टाकले, आनी जाहिरात केली. आनी खोकी माघारी आली.

आता चाकणच्या एका कारखान्यात सामान उचलायचं काम मिळत व्हतं. ठेकेदार म्हणला व्हता, दुपारपतूर हो का न्हाई कळीव. हो म्हणायचं तर दुकान मिटवायचं, आन म्हातारा-म्हातारीला गावात टाकून जायचं. नागेशाच्या जिवावर आलं व्हतं. म्हनून आला. इचाराया आला, पर मान ताठच.

चाचा म्होरल्या बाईचा हात दाबत व्हता. अंगठा आत मुडपून, बोटांची हाडं जुळवून.

"शेळी व्याली का गं?"

"व्याली की चाचा! दोन पाटी झाल्या. एक तर अशी पांढरी फेक, कपाळावर हितं टिकला. सासूबाई म्हणत्यात इकू नको, आन मालक म्हणत्यात..."

"झालं बाई."

बाईनं खाली बगितलं. हात कोपरापतूर हिरवागार. ती खुदकन हसली, बांगड्यांसकट हात जोडून चाचाला नमस्कार केला आन उठली.

नागेश कावला. "चाचा, मागं सहा बायका खोळंबल्यात. शेळीची चवकशी कशाला करता? तेवढ्यात दोघी उरकल्या असत्या."

"व्हय," चाचा म्हणला. "उरकल्या असत्या."

"हे बगा." नागेशानं मोबाईल त्याच्या नाकाला लावला. "माल बगा. उजेड बगा. भाव बगा. ह्यात खोट काढून दावा."

चाचानं समदा व्हिडिओ बगितला. शेवटपतूर.

"चांगला वरडतोस."

"मग?"

"माप कसं घितोस?"

"सोपं केलंय एकदम. मनगटाला दोरा गुंडाळायचा, तो पट्टीवर धरायचा, आन आकडा पाठवायचा. पर ह्या बायकांला दोरा धरायची बी अक्कल..."

"मनगटाला?"

"मग काय गळ्याला?"

चाचानं एक बांगडी उचलली. सवताच्या मनगटावर नुसती टेकवली. मग बोटांकडनं घालाया गेला. बांगडी मुठीच्या हाडावर अडली. चाचानं तशीच धरून ठिवली.

नागेश बगत ऱ्हायला.

दोन वर्सं तो ह्या पोत्याशेजारी हुबा व्हता. रोज शंभर हात त्याच्या म्होरनं गेले. पर त्याचं त्वांड गर्दीकडं असायचं. बांगडी मुठीतनं जाती, हे त्यानं कवा बगितलंच न्हवतं.

कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पर ह्या जातीचा गडी लाजून किती येळ बसनार?

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" तो मांडी सोडून उठाया लागला. "आज सांजच्याला व्हिडिओ टाकतो. मुठीचं माप पाठवा म्हणून. मिटलं!"

"बस."

"आता आनी काय?"

"कौसाबाईचं माप किती?"

कौसाबाई म्हंजी नागेशाची आई.

हजार बायकांला माल पाठवला व्हता त्यानं. आकडे पाठ व्हते.

"...दोन-सहा आसंल."

"दोन-चार," चाचा म्हणला. "डाव्या अंगठ्याचं हाड जरा वर हाय. तिचं लगीन झालं त्या साली पैल्यांदा भरल्या व्हत्या. हात दे."

"कुनाचा? माझा?"

"मग काय शेळीचा?"

मागं बसलेल्या बाया फिसकन हसल्या. नागेश इकडंतिकडं बगाया लागला. गड्याच्या हातात बांगड्या म्हंजी आमच्याकडं शिवी. त्यावरनं डोस्की फुटल्यात. त्यानं हात दिला, पर असा, जसं काय चाचा तो तोडूनच ठिवनार हाय. लाकडागत ताठ. बोटं फाकलेली.

चाचानं जोर लावला न्हाई. हात नुसता हातात घिऊन बसला.

"चार पंचम्या झाल्या, कौसाबाई आली न्हाई भराया. रागावली का माझ्यावर?"

"रागवंल कशाला? हात दुखत्यात तिचं. सांधं धरल्यात."

"कवापास्नं?"

"लई दिवस झालं. आधी बोटं सुजली, मग पंजा. धार काढाया येत न्हाई आता, आमचं बा तात्याच काढत्यात. म्हणती, तात्याला धार काढाया येत न्हाई, म्हस चिडती, दूध वर वडती..."

नागेशाला हसू आलं. मग ते गेलं.

"मग हातात काय घालती?"

"दोरा बांधलाय. हळदीचा. म्हणती, मला न्हाई बाबा काचंचा आवाज सोसत. मी बी म्हणलं, ऱ्हाऊ दे. कामाच्या नादात कोन इचारतंय? आन परवा..."

बाजारात कुनी तरी मिरच्यांचा भाव वरडत व्हतं. नागेशाचा हात चाचाच्या हातातच व्हता.

"परवा मी खोकी बांधाया आत गेलो. तर ही इकायच्या बांगड्यांच्या माळंतली एक काढून हातात घालून बगतीय. जाईना. जोर लावतीय, त्वांड वाकडं करतीय, तरी जाईना. मला बगितलं आन झटकन हात पदराखाली. म्हणली, धूळ पुसत व्हते."

"तू काय म्हणलास?"

नागेश मिरच्यांच्या ढिगाकडं बगाया लागला.

"काय म्हणलास रं?"

"माल फोडशील म्हणलो." नागेशाचा आवाज बसला. त्याचा आवाज बसल्यालं बाजारानं कवा ऐकलं न्हवतं. "वरडलो तिच्यावर. समदी खोकी माझ्या घरात, चाचा, दोन-दोपास्नं दोन-धापतूर समदं माप माझ्या घरात. तिला कुठली यील ते मी बगितलंच न्हाई. आन ती मागाया बी आली न्हाई. वाटलं आसंल तिला, पोरगं गिऱ्हाइकात हाय..."

खिशातला मोबाईल वाजला.

नागेशानं डाव्या हातानं काढून बगितला. ठेकेदार. दुपार झाली व्हती.

"घे की," चाचा म्हणला.

नागेश मोबाईलकडं बगत बसला. तो वाजतोय, वाजतोय... मग कापायला म्हनून उजवा हात उचलला.

हात खळकला.

मनगटात चार बांगड्या. हिरव्या, काचंच्या. कुठं खरचाटलं न्हवतं, का कुठं दुखलं न्हवतं.

मागल्या बाया पदर त्वांडाला लावून हसाया लागल्या. एक म्हातारी म्हणली, "भावजी, पंचमीला म्हायारी आलासा व्हय?"

दुसऱ्या कुनी भरल्या आसत्या तर नागेशानं बाजार डोक्यावर घितला आसता. पर तो हात डोळ्याम्होरं धरून बसला. मुठीचं हाड चाचपून बगितलं. एक बांगडी बोटांकडं सराकवली. हाडाला अडली. जाईना.

मोबाईल वाजायचा थांबला.

"चाचा..." तो हळू बोलला. "ह्या तुमी कवा भरल्या?"

चाचानं म्होरल्या बाईचा हात घितला. अंगठा आत मुडपला, बोटं जुळवली.

"तू आईचं सांगत व्हतास, तवा."