ठरल्या जागची आरोळी

"म्हणजे आबा, अंगात ताव असला तर गाण्याची बांधणी हवीच कशाला?"

केरबा शाहीर डफ पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा अमोघ. एकेकाळी त्यांच्याकडेच डफ शिकलेला. आता पुण्यात पंक बँड घेऊन आरडाओरडीची, बंडखोर गाणी गात होता. गिटारचे तीन कॉर्ड येतात, चौथा शिकलो तर बाटलो, असा बाणा! बँडची गाणी जुईली लिहायची. एकेका ओळीवर आठवडा घालवायची. "हे नक्षीकाम घरी जाऊन कर," असं तो तिला सगळ्यांदेखत म्हणाला, आणि ती बँड सोडून गेली. शनिवारचा कार्यक्रम तोंडावर आलेला. आपलंच बरोबर होतं, एवढं शाहिरांच्या तोंडून ऐकायला स्वारी कागलला आली होती.

"म्हण बघू तुजं," शाहीर म्हणाले.

अमोघने गिटार उचलली. साऱ्या जगाला शिव्या घातल्या आणि मध्येच अशी आरोळी ठोकली, की पारावरची कुत्री उठून गेली.

"पुन्यांदा."

पुन्हा आरोळी. त्याच शब्दावर, तसाच पाय आपटून.

"आनि येकदा."

तोच शब्द. तोच पाय.

"आरशाम्होरं बसवलीस व्हय रं ही?"

अमोघचे कान तापले. आरशासमोरच बसवली होती.

"चिडलायस कुनावर?"

"सगळ्यांवर."

"म्हंजे कुनावरच न्हाई." शाहिरांनी डफ बाजूला ठेवला. "ती पोरगी गेली ती बरंच झालं म्हन. नुस्ती कागद खरडनारी..."

"तिला काही बोलू नका!"

आवाज चिरकला. अमोघ उठून उभा राहिला होता.

"मी हाकललं तिला! टाळ्या मला पडत होत्या... पण त्या तिच्या ओळींना होत्या. मला ते सहन झालं नाही."

पाय आपटायचं त्याला सुचलंच नाही.



मग काहीतरी गवसल्यासारखा अमोघ घाईघाईने गिटारकडे वळला. तारांना बोट लागणार, तोच शाहिरांनी तारांवर आपला पंजा ठेवला.

"ह्ये झालं गानं," ते हळूच म्हणाले. "आता ल्हिनार कोन?"