चिंचेखाली मिटलेला तंटा

एका राज्यात राजाच्या न्यायसभेला मांत्रिकाचा शाप होता. खटला हरेल त्याची वाचा जाई, जिंकेल त्याचे कान जात. शाप उतरवायला राजानं थोर थोर मांत्रिक आणले. सगळे दक्षिणा घेऊन गेले, शाप होता तिथेच राहिला.

त्याच राज्यात येसाई नावाची कोष्टीण राही. नवरा वारला तो मागे एक अद्भुत माग ठेवून. त्यावर उन्हाची वस्त्रं विणली जात. पण माग एक आणि लेक दोन! थोरला रखमाजी म्हणे माझा, धाकटा सटवाजी म्हणे माझा. दोघे हट्टाला पेटले आणि फिर्याद राजाकडे गेली. येसाईच्या तोंडचं पाणी पळालं. अहो, निकाल कसाही लागो, तिचा एक लेक मुका होणार आणि एक बहिरा! आणि निकाल तर त्याच दुपारी होता.

सकाळीच ती वेशीबाहेरच्या चिंचेखाली गेली. तिथला म्हातारा भारद्वाज पक्षी माणसासारखा बोले.

"पक्षीराज, माझी लेकरं वाचवा."

"दोघांना एका घोंगडीवर बसव," भारद्वाज म्हणाला. "प्रत्येकानं दुसऱ्याचं गाऱ्हाणं सांगावं. दुसरा 'होय' म्हणाला, तरच ते खरं. संधी तीन. चौथी नाही."

येसाईनं दोघा बाप्यांना कानाला धरून आणलं. गावातले चार जाणते येऊन बसले.

सटवाजी म्हणाला, "दादानं दोन वर्षं एकट्यानं बापाची सेवा केली. मी आलो तो माग मागायला."

"होय," रखमाजी म्हणाला. मग त्याची पाळी आली. "बापानं याला माग कबूल केला होता."

"नाही," सटवाजी म्हणाला.

"याच्या घरात खाणारी तोंडं जास्त."

"नाही."

भारद्वाजानं पंख झाडले. "एकच उरली."

रखमाजीनं मान खाली घातली. मग अडखळत म्हणाला, "बाप अंथरुणाला खिळला होता. सटवा भेटायला आला. मी त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावला. त्याला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही."

"होय," सटवाजी म्हणाला आणि ढसाढसा रडला.

"चुकलो रे. माग तू ने."

"नको दादा, तुझ्याच घरी राहू दे. मी विणायला येत जाईन."

"ये. आणि जेवूनच जात जा."

एवढ्यात राजाचा हुजऱ्या धापा टाकत आला. "कोण जिंकलं? कोण हरलं?"

"कुणीच नाही," जाणते म्हणाले.

शापाला धरायला माणूसच उरला नाही. शाप तिथल्या तिथे फुटला. नगरातले मुके बोलू लागले, बहिऱ्यांना ऐकू आलं. काही बायकांनी म्हणे नवऱ्यांना कैक वर्षांचं साचलेलं एका बैठकीत ऐकवलं. राजानं फर्मान काढलं, की तंटा आधी झाडाखाली बसवावा, दरबार मागाहून.

घरी परतताना दोघा भावांची पुन्हा जुंपली. जवळची वाट कोणती, यावरून!

"येसाई, आवर की पोरांना," लोक म्हणाले.

"भांडू द्या हो," येसाई म्हणाली. "एक बोलतोय, दुसऱ्याला ऐकू येतंय. मला आणखी काय हवं?"

आणि ती मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी गेली.