चवळीचे पहारेकरी

झाडांना वाचा होती त्या काळी गोदाक्काच्या परसात एक चवळीची वेल होती. तिच्या अंगावर काळ्या मुंगळ्यांची रांग दिवसभर वर-खाली फिरायची, त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका.

"मला पहारेकरी आहेत," ती शेजारच्या मिरचीला ऐकवायची.

"मग तुझे शेंडे का गं आकसलेत?"

"नजर लागते," वेल म्हणायची. शेंड्यांना चिकटलेली माव्याची कीड तिचाच रस पीत होती, पण तिकडे बघायला तिला सवड कुठली?

एकदा लाल पाठीवर काळे ठिपके मिरवत एक ढालकिडा तिच्यावर उतरला. मुंगळ्यांनी त्याला चावून चावून पिटाळलं. वेल धन्य झाली.

पानं पिवळी पडली, तेव्हा मात्र गोदाक्कानं वेलीवरचे मुंगळे झटकले आणि बुंध्याभोवती चुलीतली राख जाड पसरली. मुंगळ्यांना वर चढता येईना.

"मला वाऱ्यावर सोडून जाऊ नका रे," वेल रडकुंडीला आली.

म्होरक्या मुंगळा राखेपलीकडून म्हणाला, "बाई, राखण आम्ही मनापासून केली, पण आमच्या गुरांची. माव्यातून गोड रस पाझरतो, तो आम्ही चाटतो. तुम्ही आमचं कुरण."

दुपारी ढालकिडा परत आला आणि मावा खाऊ लागला. वेलीनं हळूच विचारलं, "तू तरी माझी राखण करशील ना रे?"

"छे, मी जेवायला आलोय."

वेल एक पान बाजूला सारून म्हणाली, "सावकाश होऊ द्या."