कापडी टपाखाली अर्धा तास

एकदा एक शिष्य आपल्या गुरूशी अवघे चार शब्द खोटं बोलला, आणि त्यापायी त्याला एका बंद मोटारीत अर्धा तास बसावं लागलं. घटना एवढीशीच. पण त्या अर्ध्या तासात त्याच्या जिवाची जी तगमग झाली, ती आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची आहे, म्हणून सांगतो.

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक वृद्ध कारागीर होते. मोटारी धुऊन-पुसून त्यांना पुन्हा तेज आणण्याचं काम ते चाळीस वर्षं करत आले होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. ‘गाडी धुण्यात कसली आलीय विद्या?’ असं कुणी हसून म्हटलंच, तर ते शांतपणे त्याच्या हातात फडकं देत आणि म्हणत, “घ्या, पुसा.” गृहस्थ काचेवर चार फराटे ओढी आणि फडकं मुकाट्याने परत देई.

त्यांच्याकडे सिदाप्पा नावाचा शिष्य तीन वर्षं शिकत होता. वय पंचविशीचं, हात चलाख, जीभ त्याहून चलाख. पुण्यातल्या एका मोठ्या गॅरेजच्या मालकाने त्याला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं, पण वस्तादांनी स्वतः फोनवर खात्री द्यावी, अशी त्याची अट होती. वस्ताद म्हणाले होते, “शेठजींची टपाची मोटार एकट्याने करून दाखव. मी बोट लावणार नाही. ती मनासारखी झाली की लगेच फोन करतो.” मालकाने मुदत दिली होती त्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतची. पुण्याची एसटी सहाला होती, आणि सिदाप्पाची पिशवी आदल्या दिवशीच भरून तयार होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

गावातल्या शेठजींची ती मोटार जुनी आणि देखणी. तिचा टप पत्र्याचा नव्हे, जाड काळ्या कापडाचा. मनात आलं की घडी करून मागे टाकायचा. असा टप म्हणजे धुणाऱ्याची कसोटी असते. जोरात घासला तर वीण विरते, साबण राहिला तर कापड कुजतं, ओला मिटला तर बुरशी धरतो. सिदाप्पाने पहाटेपासून त्यात जीव ओतला होता. मऊ ब्रशने, विणीच्या दिशेने, त्याने टप धुतला. चार पाण्यांनी साबण काढला. पंखे लावून कापड खडखडीत वाळवलं. चामड्याच्या सीटा, दारांच्या फटी, चाकांच्या तारा, काही म्हणून सोडलं नाही. यात लबाडी नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

गोची झाली ती पुढे. धुऊन झालं की टपाला पाणी रोखणाऱ्या औषधाचे दोन हात द्यायचे, आणि प्रत्येक हात चार तास वाळू द्यायचा, हा वस्तादांचा नियम. पहिला हात सकाळी आठला द्यायचं ठरलं होतं. पण टपावर कावळ्यांची शीट वाळून बसली होती. तिचा डाग पुन्हा पुन्हा भिजवून अलगद उचलता उचलता बारा वाजले. म्हणजे पहिला हात वाळणार चारला, आणि दुसरा रात्री आठला. एसटी गेली, मुदत गेली, पुणंही गेलं!

साडेतीनच्या सुमाराला वस्ताद बाहेरगावचं काम उरकून परतले. कापडावर तळहात ठेवून त्यांनी विचारलं, “झालं का रे?”

“दोन्ही हात झाले, वस्ताद.”

हेच ते चार शब्द. वस्तादांनी फळीवरचा औषधाचा डबा उचलला, क्षणभर हातात धरला आणि पुन्हा जागेवर ठेवला. सिदाप्पा त्या डब्याकडे बघत राहिला. पण तेवढ्यात शेठजीच दारात आले, आणि त्याला वाटलं, सुटलो.

शेठजी मोठ्या आनंदात होते. काखेत एक घडी केलेलं पिवळं दुपटं होतं. “वस्ताद, नातू झालाय! सव्वा महिना झाला काल. आत्ता घाट उतरतो, व्याह्यांकडे मुक्काम करतो आणि उद्या उजाडताच सुनेला नि बाळाला घेऊन वर येतो.”

“याच मोटारीतून?” वस्तादांनी विचारलं. “दुसरी नाही काय तुमच्याकडे?”

“आहे हो. पण आमच्या घरातलं प्रत्येक मूल याच गाडीतून उंबऱ्याशी आलंय. मीसुद्धा! आणि घाटात तीन दिवस पावसाची धार लागली असली, तरी टप तुमच्या हातचा. मग घोर कसला?” असं म्हणून त्यांनी ते दुपटं मागच्या सीटवर नीट अंथरलं.

बोलावं, आत्ताच बोलावं, असं सिदाप्पाला वाटलं. पण भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते आणि एसटी सहाची होती. त्याने ओठ घट्ट मिटले.

टप तपासायची वस्तादांची रीत साधी होती. ओंजळभर पाणी शिंपडायचं. थेंब गोल राहून घरंगळले की काम पुरं. त्या दिवशी मात्र त्यांनी पाण्याचा पाईप हातात घेतला आणि म्हणाले, “सिदाप्पा, आत बस.”

“मी?”

“मागच्या सीटवर. काचा वर घे, दारं लाव.”

शेठजी दचकले. “अहो, हे काय चालवलंय? सीटा भिजतील!”

“भिजल्या तर नव्या करून देईन,” वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी नळ पुरता सोडला.

सिदाप्पा दुपट्याशेजारी अंग चोरून बसला. डोक्यावर पाणी धडाधडा आदळू लागलं. काचांतून बाहेरचं काही दिसेना. त्याची नजर टपाच्या मधल्या शिवणीवर खिळली, कारण टप गळतो तो आधी शिवणीत, हे त्याला वस्तादांनीच शिकवलं होतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शिवण कोरडीच होती. पण पाणी थांबेना. सदरा पाठीला चिकटला. ‘गळू दे नाहीतर थांबू दे, काहीतरी एक होऊ दे!’ असं त्याला झालं.

मग त्याची नजर शिवणीवरून सरळ खाली उतरली. शिवणीच्या बरोबर खाली ते पिवळं दुपटं होतं. थेंब पडलाच, तर तिथेच पडणार होता. उद्या तिथे एक सव्वा महिन्याचं मूल असेल, बाहेर घाटातली धार असेल, आणि टपाला दुसरा हात दिलेला नाही, हे फक्त एकाच माणसाला ठाऊक असेल. सिदाप्पा नकळत सरकला आणि दुपट्यावर वाकून बसला. थेंब पडायचा तर आपल्या पाठीवर पडू दे, एवढंच त्याच्या मनात उरलं.

अर्ध्या तासाने पाणी थांबलं. वस्तादांनी दार उघडलं.

“गळला?”

“नाही, वस्ताद. एक थेंब नाही.”

“मग एवढा भिजलास कशाने?”

सिदाप्पा घामाने निथळत होता. शेठजी हसून म्हणाले, “अहो, बंद गाडीत उकडणारच की! टप एकदम पक्का आहे. शाब्बास रे पठ्ठ्या! द्या किल्ली, मी निघतो.”

“खरंय,” वस्ताद म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला. “टप पास. चल, लावतो पुण्याला.”

काय सोपं होतं पाहा! टप गळला नव्हता, घामाचं कारण शेठजींनी आयतं पुरवलं होतं, आणि फोन वस्तादांच्या हातात होता. सिदाप्पाने नुसतं गप्प राहायचं होतं.

“शेठजी, गाडी नेऊ नका,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “औषधाचा एकच हात झालाय. दुसरा मी दिलाच नाही. वस्तादांशी खोटं बोललो.”

शेठजींचा चेहरा लालबुंद झाला. “आणि हे आत्ता सांगतोस? तिकडे सगळे वाट बघत बसलेत माझी!”

वस्तादांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “मला ते ठाऊक होतं, शेठजी. डबा उचलला तेव्हाच वजनावरून कळलं. एका हातावर टप पाईपखाली अर्धा तास तग धरतो, घाटातल्या धारेत धरत नाही, हेही ठाऊक होतं.”

“मग त्याला आत कशाला कोंडलंत?”

“टपाची परीक्षा ओंजळभर पाण्यात होते. त्यासाठी माणसाला आत बसवावं लागत नाही.” वस्ताद सिदाप्पाकडे वळले. “बाळा, काम करणारा नेहमी टपाच्या बाहेर उभा असतो. तिथून त्याला कापडाची चकाकी दिसते, मालकाची खुशी दिसते, आपली एसटी दिसते. आत कोण बसणार, ते तिथून दिसत नाही. म्हणून ज्याने टप केला, त्याने एकदा तरी त्याच्याखाली बसावं.”

सिदाप्पाने मान खाली घातली. मग त्याने विचारलं, “आणि मी गप्प राहिलो असतो, तर?”

“गाडी मी सोडली नसतीच. दुसरा हात मी दिला असता. तुला मात्र पुण्याला पाठवलं नसतं.”

शेठजी बाकावर बसले आणि व्याह्यांना फोन लावून म्हणाले, “आज नाही जमत. उद्या सकाळी निघतो. नाही, नाही, काळजीचं काही नाही.”

वस्तादांनीही पुण्याला फोन लावला. “सिदाप्पाबद्दल बोलायचं होतं,” ते म्हणाले. “हात चांगला आहे. पण आज तो माझ्याशी खोटं बोलला.”

सिदाप्पाने डोळे मिटून घेतले. तीन वर्षं मातीत गेली, असं त्याला वाटलं.

“टप पास झाला होता,” वस्ताद पुढे म्हणाले, “मी तुम्हाला फोन लावत होतो, आणि तेव्हा त्याने ते आपणहून सांगितलं. आज तो येणार नाही, काम राहिलंय. उद्या चालणार असेल, तर बघा.”

पलीकडचा माणूस काय म्हणतो, हे ऐकायला सिदाप्पा थांबला नाही. वस्ताद फोन ठेवून मोटारीपाशी आले, तोवर त्याने टप टिपून काढला होता आणि पंखे लावले होते.

“उद्या दुपारपर्यंत ये म्हणतात,” वस्ताद म्हणाले.

सिदाप्पाने मान हलवली, पण शिवणीवरून फिरणारा त्याचा हात थांबला नाही. कापड पुरतं वाळेपर्यंत तो दर थोड्या वेळाने तिथे बोट लावून पाहत राहिला. त्या शिवणीखाली कोण निजणार आहे, हे आता त्याला दिसत होतं.