डावे वेढे, उजवे वेढे

एकदा एक वस्ताद होते. अर्थात म्हातारेच, तरुण वस्तादांच्या गोष्टी कोण ऐकतो? विजेवर वाजणाऱ्या गिटारी बांधणं हे त्यांचं काम. त्यांचा कान असा, की पलीकडच्या गल्लीत कुणाच्या कुकरने शिट्टी दिली तर ती कालच्यापेक्षा अर्ध्या सुराने उतरली आहे, हे ते बसल्या जागी सांगत. दोनदा तर त्यांनी शिट्टीवरून आत डाळ आहे की बटाटे, तेही ओळखलं होतं. पैकी एकदा बरोबर.

त्यांची एक शिष्या होती. अशा गोष्टींत शिष्याला नाव नसतं. हिलाही नव्हतं, निदान सुरुवातीला तरी.

आता थोडं यंत्राविषयी. गिटारच्या तारांखाली एक बोटभर लांबीची कांडी बसवतात. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तिला पिकअप म्हणतात. वर तार थरथरली की पिकअप ते ऐकतो आणि स्पीकरला कळवतो. वेढे नीट पडले तर गिटार गाते, नाही तर कण्हते. त्या कारखान्यात एक रीत होती. ज्याने वेढे घातले, त्याचं नाव गिटारच्या पाठीवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचं. ते नाव कुणाला दिसत नाही. पण हजार माणसांपुढे वाजतं. दोन वर्षं शिष्येने वायरी सोलल्या, त्या जोडायला कथलाचे डाग दिले, लाकूड घासलं. एकाही झाकणाच्या आत तिचं नाव नव्हतं.

आणि एके दिवशी वस्ताद म्हणाले, "या गिटारीत मानेजवळचा पिकअप माझा, तारा टेकतात त्या घोडीजवळचा तुझा. वाजला, तर झाकणात तुझं नाव."

शिष्या त्या दिवशी जेवली नाही, असं म्हणतात. जेवली असेल, पण काय जेवली ते तिला आठवत नाही, एवढं खरं. हातचाक फिरवत तिने आठ हजार वेढे घातले, एकेक मोजून. सहा हजारांपाशी शिंक आली, ती तिने आठ हजार पूर्ण होईपर्यंत थोपवून धरली. मग दोन्ही पिकअपच्या वायरी एका फिरत्या नॉबला जोडल्या. नॉबला तीन खटके. पहिल्यावर वस्तादांचा पिकअप, तिसऱ्यावर तिचा, मधल्यावर दोघे मिळून.

दुपारी वादक आला. संध्याकाळी तालुक्याच्या गावी त्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. गाडी दारात चालूच, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि स्पीकर स्वतःचा, कारण दुसऱ्याच्या स्पीकरवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने पहिला खटका लावला. भरघोस, गोल आवाज. तिसरा लावला. लखलखीत! शिष्येचे पाय जमिनीवरून सुटायच्या बेतात होते.

"आता दोघे मिळून होऊ द्या," वादक म्हणाला आणि मधला खटका लावला.

आवाज आला तो असा, जणू कुणी गिटार रजईत गुंडाळून विहिरीत सोडली आहे.

"हे काय हो बाई?" वादकाने चष्मा कपाळावर चढवला. "एकेकटे पैलवान, आणि दोघे मिळून आजारी? माझं सगळं गाणं या मधल्या खटक्यावर आहे. वस्ताद, या मुलीचा पिकअप काढा. तुमचे दोन्ही बसवा."

शिष्येचा तोल गेला. "माझा एकटा वाजतो की नाही? मग माझ्यात खोट कशी? वस्तादांचाच पिकअप म्हातारा झाला असेल!"

बाहेरची गाडीसुद्धा क्षणभर बंद पडली.

वस्ताद रागावले नाहीत. "तासाभराने या," एवढंच ते वादकाला म्हणाले आणि चहाला निघून गेले. वादकाने स्पीकर उचलून पुन्हा गाडीत ठेवला.

एकटी उरल्यावर शिष्येला स्वतःचे शब्द ऐकू येऊ लागले. वस्तादांच्या पिकअपला म्हातारा म्हणालो आपण! तिने डोकं धरलं, आणि मग धरलेल्या हाताकडे पाहतच राहिली. डावा हात. ती डावखुरी. वस्ताद चाक उजव्या हाताने फिरवत, तिने डाव्या हाताने फिरवलं होतं. त्यांचे वेढे एका दिशेने, हिचे दुसऱ्या. तार थरथरली की एक पिकअप 'ये' म्हणणार आणि त्याच क्षणी दुसरा 'जा' म्हणणार. दोघे खणखणीत, म्हणूनच तर एकमेकांना गिळून टाकत होते.

तिने झपाट्याने झाकण उघडलं. आपल्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली, डाग दिले, झाकण लावलं. आपली चूक आपणच सुधारली, वस्तादांना कशाला सांगायचं? गुपचूप झालेलं बरं. मग ती वस्तादांसाठी गरम भजी आणायला पळाली.

तासाभराने वादक परतला. स्पीकर जोडला. शिष्या भज्यांचा पुडा छातीशी धरून उभी. वस्ताद मिशीत हसत होते. तीही हसत होती. खटका मध्यावर आला.

रजई. विहीर.

"अहो, पण मी वायरी बदलल्या!" शिष्या ओरडली.

"अगं, पण मी वायरी बदलल्या!" वस्ताद त्याच क्षणी ओरडले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू कुठल्या बदलल्यास?"

"माझ्या. तुम्ही?"

"माझ्या. तू भजी आणायला गेलीस तेव्हा."

"थांबा, थांबा," वादक म्हणाला. "कुणी कुणाच्या काय बदललं? मला सात वाजता वाजवायचंय!"

वस्ताद मात्र हसू लागले. हसता हसता त्यांची कवळी निसटली आणि ती त्यांनी हवेतल्या हवेत झेलली. तीही डाव्या हाताने, असं सांगणारे लोक आहेत. त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

"पण तुम्ही का बदललंत?" शिष्येचे डोळे भरून आले. "उलटे वेढे तर माझे होते."

"उलटे कुणी म्हटलं?" वस्ताद म्हणाले. "तुझे डावे, माझे उजवे. तू एकटी वाजलीस तेव्हा कुणाला काही उलटं वाटलं का? पिकअप एकटा असतो तेव्हा उलटा नसतोच, पोरी. उलटेपणा दोघांच्या मधे असतो. तो एकट्याच्या अंगात शोधू नये. म्हणून दोघांपैकी कुणीही एकाने वळलं तरी पुरतं. मला वाटलं, आपण वळावं. तुलाही तेच वाटलं. दोघांचं मन मोठं, आणि भांडण जिथल्या तिथेच! कारण दोघेही गुपचूप वळलो. माघार घ्यायची, तर ती समोरच्याला ऐकू गेली पाहिजे. नाही तर तोही आपल्यासारखाच भला निघतो, आणि पंचाईत होते."

गाडीच्या चालकाने हॉर्न वाजवला.

"चल," वस्ताद म्हणाले. "आता एकानेच वळायचं. कोण?"

शिष्येने पुडा खाली ठेवला. "वस्ताद," ती मोठ्याने म्हणाली, "मी माझ्या वायरी बदलते आहे. तुम्ही हात लावू नका."

"नाही लावत," असं म्हणून वस्ताद स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले.

तिने स्क्रू काढले, झाकण उलटं केलं आणि तिचा हात थांबला. आतल्या बाजूला पेन्सिलीची दोन नावं होती. एक वस्तादांचं. त्याच्या शेजारी, त्यांच्याच थरथरत्या अक्षरात, दुसरं.

कालिंदी.

तासाभरापूर्वी तिने हेच झाकण उघडलं होतं, तेव्हा ते कोरं होतं.

"हे तुम्ही केव्हा लिहिलंत?"

"माझ्या वायरी बदलून झाकण लावताना."

"पण तेव्हा तर आवाज आला नव्हता."

"तू आठ हजार वेढे घातलेस," वस्ताद म्हणाले, "ते काय आवाज आल्यावर घातलेस?"

कालिंदीने वायरी बदलून दोन डाग दिले, धूर फुंकला, झाकण लावलं. वादकाने खटका मध्यावर आणला आणि एकदाच, सगळ्या तारांवरून हात फिरवला.

त्या आवाजाने कारखान्यातल्या न वाजवलेल्या अकरा गिटारी आपापल्या खुंटीवर घुमू लागल्या, आणि पलीकडच्या गल्लीतला कुकर शिट्टी द्यायचा राहिला. वादकाने चष्मा काढून खिशात ठेवला. मग तो गिटार कुशीत घेऊन गेला. भजी मात्र थंड झाली होती. ती दोघांनी मिळून खाल्ली.

पुढे कालिंदीही वस्ताद झाली. तिचं कुणाशी बिनसलं की ती आधी समोरच्याला हाक मारायची, "ऐकताय ना? मी वळते आहे. तुम्ही आहात तसेच थांबा."