चौथा पट्टा

"चूक कुठं आहे, तेवढं बोट ठेवून दाखवा, बुवा!"

कोंडाजीबुवांनी बोट काही ठेवलं नाही. मागावरच्या पट्ट्यावरून एकदा तळहात फिरवला आणि म्हणाले, "उसव."

रायाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? हे चौथ्यांदा होतं.

माळावरच्या त्या मठात बुवा कमरपट्टा विणायला शिकवत. माग तरी कसला, दोन काठ्या! उभ्या धाग्यांचं एक टोक बोरीच्या खोडाला बांधायचं, दुसरं आपल्या कमरेला. मागं रेललं की धागे ताणतात, पुढं झुकलं की लोंबतात. सूत स्वतः कातायचं, पट्टा स्वतः विणायचा. बुवांनी तो आपल्या हातानं कमरेला बांधला की शिष्य मोकळा. मग त्यानं खुशाल गावी जाऊन माग मांडावा, चारचौघांना शिकवावं. ती गाठ नसेल, तर त्याच्या दारात शिकायला कुत्रंही फिरकत नसे.

रायाजीच्या वाडीत विणणारं माणूस उरलं नव्हतं. अठरा घरांनी मूठमूठ लोकर काढून त्याच्या ओटीत घातली. "शिकून ये बाबा, आमच्या लेकरांना शिकव." त्या लोकरीचं त्यानं टकळीवर सूत काढलं, दोन वर्षांत तीनदा विणलं आणि तीनदा उसवलं. बुवा म्हणाले म्हणून, मुकाट्यानं. आता ते सूत एवढं झिजलं होतं, की पुन्हा उसवलं तर हातात नुसता भुगा येणार.

"नाही उसवणार," रायाजी म्हणाला.

पलीकडच्या मागावर हणमंता होता. सात वर्षं तो मठात होता. त्याच्या हातातला, आडवा धागा ओवणारा धोटाच थांबला.

"अरे, कुणाला बोलतोयस? बुवांचा शब्द आहे तो! मी अकरा वेळा उसवलंय, कधी हूं की चूं केलं नाही."

"मोठं कौतुक आहे तुझं!" रायाजी खेकसला. मग बुवांकडं वळला. "वीण सरळ आहे. काठ सरळ आहेत. एक धागा कुठं सुटला असेल तर दाखवा, आत्ता उसवतो. नाहीतर हे अठरा घरांचं सूत आहे. तुम्ही सांगितलंत तरी मी त्याचा भुगा करणार नाही."

"मग मी गाठ बांधणार नाही."

"नका बांधू!"

बोलून तर गेला. पण आता वाडीत कोणत्या तोंडानं जायचं? तरी त्यानं मान खाली घातली नाही.

बुवांनी पट्ट्याचं अपुरं टोक चाचपलं.

"किती राहिलाय?"

"दोन बोटं."

"मग पुरा कर की."

असं म्हणून म्हातारा उठला. बोरीच्या खोडाला बांधलेलं टोक त्यानं सोडलं, आपल्या कमरेला बांधलं आणि रायाजीच्या समोर फतकल मारून बसला. बसला तो पुढं झुकून. ताणलेले धागे मातीपर्यंत लोंबले.

"विण."

"असं कसं विणू? बुवा, जरा मागं रेला."

"नाही रेलत."

रायाजीनं हळूच, भीतभीत अंग मागं घेतलं. धागे तसेच ढिले. धोटा मध्येच अडकला.

"ओढ की."

"तुम्हाला?"

"बोरीला ओढत होतास ना?"

"बोर म्हणजे काय माझी गुरू आहे?"

"ती तुला उसव म्हणाली नव्हती."

हणमंतानं कानांवर हात ठेवले. "राया, पाप लागेल रे!"

रायाजीनं ओठ चावला. त्याच्या डोळ्यांपुढं ती अठरा घरं आली, मूठमूठ लोकर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाया आल्या. त्यानं दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या आणि सगळा राग कमरेत आणून मागं रेलला. म्हातारा हातभर फरफटत पुढं आला, धूळ उडाली. मग बुवांनीही टाचा रोवल्या, आणि धागे असे ताणले की वीतभर वर उठले.

धोटा सरकन गेला.

रायाजी ओढत होता, म्हातारा ओढत होता, आणि मधे पट्टा वाढत होता. एक बोट... दुसरं बोट... रायाजीनं लाकडी पट्टीनं शेवटचा धागा ठोकला तेव्हा दोघंही घामानं निथळत होते.

बुवांनी विळ्यानं दोन्हीकडचे धागे कापले. धापा टाकत उठले, पट्टा रायाजीच्या कमरेभोवती घेतला आणि करकचून गाठ मारली.

रायाजीला रडू फुटलं. मग डोळे पुसता पुसता पुन्हा डोकं भडकलं.

"आधीचे तीन... त्यांत काय चुकलं होतं?"

"काही नाही."

"काही नाही? मग माझी दोन वर्षं का घालवलीत? तीन चांगले पट्टे का उसवलेत?"

बुवा कमरेची माती झटकत होते. त्यांनी एकदा रायाजीकडं पाहिलं, एकदा हणमंताकडं.

"मी नुसतं बोललो रे... उसवले कुणी?"